एका नॉबच्या बारा नकला: छोट्या थ्रीडी प्रिंटसाठी सिलिकॉनचा साचा

माझ्यासमोर एक नॉब आहे. २८ मि.मी. व्यास, १८ मि.मी. उंची, कडेनं बारीक उभ्या रेघा आणि तळाशी दांडा बसायला एक बाजू चपटी असलेलं ६ मि.मी.चं आंधळं भोक. जुन्या ॲम्प्लिफायरसाठी प्रिंट केलेला. असे बारा हवे होते. प्रिंटरला काय, रात्रभर चालवला असता तर बाराही निघाले असते. पण घासायचे मलाच होते, आणि त्या उभ्या रेघांमधून पॉलिश पेपर फिरवायला एका नॉबला दीड तास लागतो. म्हणून एकच नॉब मन लावून घासायचा, त्याच्यावरून सिलिकॉनचा साचा काढायचा आणि त्यात रेझिन, म्हणजे ओतल्यावर कडक होणारं प्लॅस्टिक, ओतून बाराही नकला काढायच्या, असा हिशोब केला.

तीन-चार नगच हवे असतील तर या भानगडीत पडू नका, सरळ प्रिंट करा. आठ-दहाच्या पुढे गेलात, किंवा वस्तू पारदर्शक, रबरासारखी लवचिक किंवा सगळ्या दिशांनी सारखीच मजबूत हवी असेल, तर साचा परवडतो. प्रिंटचे थर एकमेकांपासून सुटतात. ओतलेल्या वस्तूला थरच नसतात.

हे काम शिकताना मी जेवढे साचे वाया घालवले, त्यातल्या बहुतेकांचं कारण एकच होतं: हवा. ओतलेला पदार्थ खाली जातोच, त्याला कुणी सांगावं लागत नाही. त्याच्या जागी आधी बसलेली हवा कुठून निघून जाणार, हे मात्र आपण आधी ठरवावं लागतं. पुढच्या जवळजवळ प्रत्येक टप्प्यावर हा प्रश्न येणार आहे.

मास्टर तयार करणं

ज्याच्यावरून साचा काढायचा त्या मूळ वस्तूला मास्टर म्हणतात. सिलिकॉन तिच्या पृष्ठभागावरचं सगळं उचलतं: थरांच्या रेघा, पॉलिश पेपरचे ओरखडे, प्रायमर ओला असताना लागलेला बोटाचा ठसासुद्धा. चकाकीही उचलतं. मास्टर मॅट असेल तर नकला मॅट, चकचकीत असेल तर चकचकीत. त्यामुळे मास्टरवर घातलेला वेळ प्रत्येक नकलेत परत मिळतो आणि मास्टरवर केलेला आळसही तसाच.

फिलामेंटच्या प्रिंटरवर थराची जाडी ०.१ मि.मी. किंवा कमी ठेवा. मग २२०, ४००, ६०० असे पॉलिश पेपर क्रमानं. पीएलए, म्हणजे नेहमीचं फिलामेंट प्लॅस्टिक, घासताना गरम होऊन मऊ पडतं आणि पेपरला चिकटतं, म्हणून ४००च्या पुढे पाण्यात बुडवून घासायचं. नंतर फिलर प्रायमरचे दोन-तीन पातळ हात, मध्ये मध्ये घासणी. खड्डे राहिले असतील तर मोटारीच्या रंगकामात वापरतात ती लांबी (पुट्टी) बारीक भरायची. शेवटचा हात दिल्यावर निदान २४ तास थांबा. रंगाचा वास येतोय तोवर तो वाळलेला नाही, आणि ओल्या रंगावर सिलिकॉन नीट जमत नाही.

आता पहिली हवा. फिलामेंटची प्रिंट आतून पोकळ असते. इन्फिल म्हणजे आतला भराव; तो १५-२० टक्के असेल तर बाकी सगळी हवा. ही हवा भिंतीतल्या सूक्ष्म फटींतून बाहेर झिरपते. सिलिकॉन घट्ट होत असताना खोली तापली किंवा तुम्ही बुडबुडे काढायला पंपानं हवा ओढून व्हॅक्यूम लावला, की मास्टरच्या अंगावरच बुडबुड्यांची रांग उभी राहते. माझ्या पहिल्या साच्यात नॉबच्या एका बाजूला मोहरीएवढ्या खळग्यांची ओळ होती, आणि मी दोन दिवस सिलिकॉनला दोष देत बसलो होतो. मास्टर छोटा असेल तर १०० टक्के इन्फिलनं भरीव प्रिंट करा. मोठा असेल तर भिंती जाड ठेवा आणि प्रायमरनं सगळीकडून बंद करा, तळसुद्धा.

मापाला महत्त्व असेल तर आकसण्याचा हिशोब मास्टरमध्येच करायचा. सिलिकॉन थोडं आकसतं, रेझिनही थोडं आकसतं. नॉबच्या भोकासारखी जागा असेल तर एक नमुना ओतून कॅलिपरनं मोजा आणि तेवढ्या टक्क्यांनी मास्टर वाढवून पुन्हा प्रिंट करा. सुरुवातीचा अंदाज म्हणून अर्धा टक्का वाढ चालते, पण मोजलेला आकडाच खरा.

कुठलं सिलिकॉन घ्यायचं

साच्यासाठीचं सिलिकॉन दोन भागांत येतं आणि खोलीच्या तापमानाला जमतं. त्याचे दोन प्रकार आहेत, आणि डबा उघडण्याआधी आपल्याकडे कुठला आहे हे माहीत असायलाच हवं.

पहिला कथलावर, म्हणजे टिनवर जमणारा. यात मूळ सिलिकॉनमध्ये थोडासा हार्डनर वजनानं मोजून घालतात. हा प्रकार स्वभावानं सोशिक; मास्टर कशाचा आहे याची फारशी चौकशी करत नाही. पण जमताना त्यातून अल्कोहोल बाहेर पडतं, त्यामुळे तो आकसतो जास्त, आणि साचा काही वर्षांत कपाटात ठेवल्या ठेवल्या ठिसूळ होतो. लवकर व्हावं म्हणून हार्डनर जास्त घातलात तर आणखी लवकर. साचा निघाल्यावर लगेच त्यात पॉलियुरेथेन (नकलांसाठीचं एक रेझिन) ओतू नका. उरलेलं अल्कोहोल उडून जायला एक-दोन दिवस उघडा ठेवा, नाहीतर नकलांचा पृष्ठभाग चिकट राहतो.

दुसरा प्लॅटिनमवर जमणारा. याचे दोन भाग बहुधा समसमान किंवा दहास एक. आकसणं ०.१ टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी, टिकाऊपणा चांगला, कडा नेमक्या. पण भयंकर नखरेल. गंधक, कथिल, अमाइन आणि न जमलेलं फोटोपॉलिमर रेझिन (रेझिन प्रिंटरमधलं, प्रकाशानं जमणारं) यांचा स्पर्श झाला की त्या जागी सिलिकॉन जमतच नाही, चिकट लगदा होऊन राहतं. लॅटेक्सचे हातमोजे, गंधक असलेली मॉडेलिंग क्ले, आधी टिनचं सिलिकॉन ढवळलेली काडी, यांतलं काहीही पुरतं. हातमोजे नायट्राइलचेच, क्ले गंधकविरहितच.

रेझिन प्रिंटरवर काढलेला मास्टर आणि प्लॅटिनम सिलिकॉन ही जोडी सगळ्यात जास्त लोकांना रडवते, मीही त्यातलाच. वरवर कोरडी ठणठणीत दिसणारी प्रिंट आतून थोडी कच्ची असते. ती ताज्या आयपीएमध्ये (आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये) दोनदा धुवा, पूर्ण सुकू द्या, मग यूव्हीखाली सगळ्या बाजूंनी भरपूर वेळ ठेवा. रेझिनला झेपत असेल तर ६० अंशांवर काही तास उबवा. त्यावर पारदर्शक ॲक्रिलिक लॅकरचे दोन पातळ हात द्या. एवढं करूनही थेट ओतू नका. चमचाभर सिलिकॉन मिसळून मास्टरच्या न दिसणाऱ्या बाजूला थेंब लावा आणि डब्यावर लिहिलेला वेळ जाऊ द्या. थेंब स्वच्छ सोलून निघाला तर पुढे जा. चिकट राहिला तर वाया गेला तो एक थेंब. ही चाचणी मी आता फिलामेंटच्या मास्टरलाही करतो, कारण प्रायमरच्या डब्यात काय असतं हे डबा सांगत नाही.

कडकपणा शोर ए या मापात सांगतात. १० म्हणजे अगदी लुसलुशीत, ४० म्हणजे बुटाच्या सोलकडे झुकणारा. छोट्या कडक वस्तूंसाठी २० ते ३० घ्या. आत वळलेल्या खाचा जास्त असतील तर २०च्या जवळ, म्हणजे साचा ताणून नक्कल बाहेर काढता येते. सरळ, मापाची वस्तू असेल तर ३०च्या जवळ. शिवाय माहितीपत्रकात व्हिस्कॉसिटीचा, म्हणजे दाटपणाचा आकडा बघा. व्हॅक्यूम पंप नसेल तर जितकं पातळ मिळेल तितकं घ्या. पातळ सिलिकॉनमधले बुडबुडे आपले आपण वर येतात.

साच्याची आखणी

इथं घाई नको. वस्तू हातात घेऊन फिरवत बसा. तीन गोष्टी ठरवायच्या आहेत: साच्याचे दोन भाग कुठल्या रेषेवर सुटतील, रेझिन कुठून जाईल, हवा कुठून निघेल.

नॉबचंच बघू. दर्शनी बाजू म्हणजे वरचा चपटा चेहरा आणि रेघांची कड. तळ कुणी बघत नाही. म्हणून जोडरेषा तळाच्या कडेवर घ्यायची. साच्याच्या एका भागात नॉबचा पूर्ण खड्डा, दुसरा भाग म्हणजे झाकण, आणि झाकणाला खाली लोंबणारी एक खुंटी, जिच्यामुळे दांड्याचं भोक तयार होईल. ओतताना चेहरा खाली, तळ वर. बुडबुडे वर जातात, म्हणजे राहिलेच तर तळाला राहतील आणि चेहरा स्वच्छ निघेल. ओतायचं तोंडही तळावर, तिथं कापल्याची खूण राहिली तरी काही बिघडत नाही. भोकाच्या भोवती ११ मि.मी. रुंद कडं आहे. त्यात ६ मि.मी.चं तोंड आणि समोरच्या बाजूला २ मि.मी.च्या दोन हवेच्या वाटा आरामात मावतात.

एक बाजू पूर्ण सपाट असलेल्या वस्तूला, बिल्ला, नावाची पट्टी वगैरेला, दोन भागांची गरजच नाही. तळ खाली चिकटवून वरून ओतायचं, झाला साचा. याच्या उलट छोटा पुतळा किंवा चारही बाजूंनी आकार असलेली वस्तू असेल तर जोडरेषा वस्तूच्या सगळ्यात रुंद भागावरून फिरवावी लागते. पारंपरिक पद्धत म्हणजे वस्तू अर्धी क्लेमध्ये बसवायची आणि क्लेची कड अगदी काटेकोर सपाट करायची. काम कंटाळवाणं, आणि मला कधीच मनासारखं जमलेलं नाही. प्रिंटर आहेच तर तो वापरा: मॉडेल करायच्या सॉफ्टवेअरमध्ये वस्तूच्या जोडरेषेवर बसणारी एक पाटी काढा, तिच्यात वस्तूच्या आकाराचं छिद्र ठेवा, ०.१ मि.मी. मोकळीक द्या आणि प्रिंट करा. वस्तू पाटीत अर्धी बसली की उरलेल्या फटीत क्ले बोटानं दाबली तरी भागतं.

तिसरी वाट म्हणजे वस्तू पेटीत अधांतरी धरून एकाच वेळी सगळं सिलिकॉन ओतायचं आणि जमल्यावर ठोकळा सर्जिकल ब्लेडनं नागमोडी चिरायचा. नागमोडी चिरल्यामुळे दोन्ही भाग एकमेकांत आपोआप अचूक बसतात. ब्लेड नवं कोरं हवं आणि चीर वस्तूपर्यंत पोचताना हात हळू हवा, नाहीतर मास्टरवर ओरखडा येतो. पारदर्शक सिलिकॉन असेल तर आतलं दिसतं आणि काम बरंच सोपं होतं.

पेटी आणि माप

पेटी फोमबोर्ड, ॲक्रिलिक, लॅमिनेटच्या पट्ट्या, खेळण्यातले लेगो ठोकळे, कशाचीही चालते; आतून गुळगुळीत हवी आणि गळती नको. सिलिकॉन पाण्यापेक्षा दाट असलं तरी ते २४ तास शांतपणे फट शोधत असतं. सगळे सांधे बाहेरून हॉट ग्लूनं बंद करा. मी पेटीही प्रिंट करतो, पण चार भिंती सुट्या, रबरबँडनं बांधलेल्या, म्हणजे सोडवताना साचा ओढावा लागत नाही.

वस्तूच्या चहूबाजूंनी १२ मि.मी. जागा पुरे. नॉब २८ मि.मी., म्हणजे पेटीची आतली लांबी-रुंदी ५२ मि.मी. खड्ड्याच्या भागाची उंची १८ अधिक १४, म्हणजे ३२. आता गणित: ५.२ × ५.२ × ३.२ म्हणजे साधारण ८६.५ मिली. त्यातून नॉबचे ११ मिली वजा करा (स्लायसर, म्हणजे प्रिंटची तयारी करणारं सॉफ्टवेअर, हा आकडा देतं, नसेल तर व्यास-उंचीवरून काढा). उरले ७५.५. सिलिकॉनची घनता १.१ च्या आसपास, म्हणून ८३ ग्रॅम. कपाला, काडीला चिकटणारं धरून दहा टक्के वाढवा: ९१ ग्रॅम. झाकण १४ मि.मी. जाड, म्हणजे ३८ मिली, वाढ धरून ४६ ग्रॅम. हा कागद पेटीवरच चिकटवून ठेवा. अर्ध्यावर सिलिकॉन संपणं ही फार एकाकी वेळ असते.

तळपाटीवर नॉबच्या भोवती चार कोपऱ्यांत अर्धगोल उंचवटे हवेत. यांचेच पुढे लॉक होतात आणि झाकण प्रत्येक वेळी त्याच जागी बसतं. प्रिंट करताना पाटीतच ६-७ मि.मी. व्यासाचे उंचवटे घ्या. चारही सारखे ठेवू नका, एक जरा मोठा करा. मग झाकण उलटं बसायची शक्यताच उरत नाही.

पहिला भाग ओतणं

नॉब तळ खाली करून पाटीवर दुतोंडी टेपनं घट्ट चिकटवा. भोकाच्या कडेनं सिलिकॉन आत शिरणार नाही हे बघा, शंका असेल तर भोकात क्ले भरा. टेप नॉबच्या बाहेर डोकावत असेल तर ब्लेडनं कापा, नाहीतर तिचीही नक्कल येईल.

सिलिकॉनचे दोन्ही भाग वजनकाट्यावर मोजा. अंदाज नको, चमचे नकोत. डब्यावर प्रमाण वजनाचं आहे की आकारमानाचं, ते नीट वाचा. कप मिश्रणाच्या दुप्पट तरी मोठा घ्या. काडी चपटी हवी आणि तीन मिनिटं सावकाश ढवळा, फेटू नका. कडा आणि तळ पुन्हा पुन्हा खरवडा. मग सगळं दुसऱ्या स्वच्छ कपात ओता आणि आणखी एक मिनिट ढवळा. पहिल्या कपाच्या कोपऱ्यात न मिसळलेला थर हमखास असतो. साच्यावर मध्येच ओलसर पट्टे निघतात ते तिथूनच आलेले.

व्हॅक्यूम असेल तर मिश्रण चेंबरमध्ये ठेवून व्हॅक्यूमच्या मीटरचा काटा २९ इंच पाऱ्याजवळ जाऊ द्या. मिश्रण फुगून तीन-चार पट वर येतं आणि मग एकदम खाली बसतं. खाली बसल्यावर आणखी एक-दोन मिनिटं, बस्स. भांडं त्या मानानं मोठं घ्या. एकदा चेंबरची भिंत सिलिकॉननं माखली की पुढच्या वेळी तुम्ही आपोआप मोठं घेता. साधी काचेची बरणी चेंबर म्हणून वापरू नका. आत व्हॅक्यूम असताना ती फुटली तर काचा आत जाऊन तिथं थांबत नाहीत.

व्हॅक्यूम नसेल तरी निभतं. आधी लहान ब्रशनं मास्टरवर सिलिकॉनचा पातळ थर लावून घ्या, रेघांमध्ये, कोपऱ्यांत ब्रशची टोकं टोचत टोचत. मग कप फूटभर उंच धरा आणि पेटीच्या एकाच कोपऱ्यात, मास्टरपासून दूर, दोऱ्याएवढी बारीक धार सोडा. बारीक धारेत बुडबुडे ताणून फुटतात. सिलिकॉन त्या कोपऱ्यातून आपली आपण पसरत मास्टरवर चढू द्या. ते पुढे सरकताना हवेला समोर ढकलत नेतं. मास्टरच्या डोक्यावर ओतलं तर तीच हवा खाली अडकते. ओतून झालं की टेबलाला खालून हलके ठोके द्या.

आता हात लावायचा नाही. वेळ डब्यावर असेल, बहुधा ६ ते २४ तासांच्या मधला. प्लॅटिनमचं सिलिकॉन उष्णतेनं लवकर जमतं. तापमान दहा अंशांनी वाढलं की वेळ ढोबळमानानं निम्मा. पण मास्टर पीएलएचा असेल तर ४५ अंशांच्या पुढे नेऊ नका, ते ५५-६० अंशांना वाकतं. खोली थंड असेल तर सरळ जास्त वेळ द्या.

झाकण ओतणं

साचा पालथा करा, तळपाटी आणि लॉकचे उंचवटे काढा. नॉब सिलिकॉनमध्येच राहू द्या. एकदा बाहेर काढून परत बसवला तर कडेला केसाएवढी फट राहते आणि दुसरं सिलिकॉन तिच्यात शिरतं. भोकात क्ले भरली असेल तर टोकदार काडीनं पूर्ण काढा.

सिलिकॉन जगात फार कशाला चिकटत नाही, पण स्वतःला असं चिकटतं की दोन्ही भागांचा एकच ठोकळा होतो. म्हणून जोडीच्या पृष्ठभागावर रिलीज, म्हणजे चिकटू न देणारा थर, लावायचं. साच्यांसाठीचा स्प्रे मिळतो. नसेल तर थोडी पेट्रोलियम जेली व्हाइट स्पिरिटमध्ये विरघळवून ब्रशनं पातळ लावा आणि स्पिरिट उडू द्या. एकही ठिपका सुटता कामा नये: लॉकचे खड्डे, कडा, सगळं. मी दिव्यासमोर तिरपं धरून तपासतो. जिथं चमक तुटते तिथं रिलीज नाही.

पेटी परत बांधा. नॉबच्या तळावर ६ मि.मी. जाड गुळगुळीत काडी ओतायच्या तोंडासाठी आणि समोर २ मि.मी.च्या दोन काड्या हवेसाठी, इन्स्टंट ग्लूच्या एका टिपक्यानं उभ्या करा. सिलिकॉनच्या पातळीच्या वर त्या निदान सेंटिमीटरभर यायला हव्यात. ओतायच्या आधी टूथपिकनं नॉबच्या भोकात थेंब थेंब सिलिकॉन भरून घ्या. भोक आंधळं आहे, वरून एकदम ओतलं तर तळाशी हवा राहते आणि खुंटीचं टोकच येत नाही. मग नेहमीसारखं कोपऱ्यातून.

दोन्ही भाग सुटे झाल्यावर मास्टर हळूच बाहेर काढा. ओतायच्या तोंडाचा वरचा काठ ब्लेडनं नरसाळ्यासारखा पसरट कापा. प्लॅटिनमचा साचा आता एकटाच असल्यामुळे ६५ अंशांवर दोन-तीन तास उबवता येतो. त्यानं तो जास्त टिकतो.

नकला ओतणं

बहुतेकजण पॉलियुरेथेन वापरतात. दोन भाग मिसळल्यावर हातात दोन ते सात मिनिटं असतात, आणि अर्ध्या तासात वस्तू बाहेर. इपॉक्सी निवांत असतं, दिवसभर घेतं, बुडबुड्यांना निघून जायला वेळ देतं, पण प्रमाणात जराही चूक चालत नाही. घाईत मोजणाऱ्या माणसानं पॉलियुरेथेन घ्यावं आणि घाईत ओतणाऱ्यानं इपॉक्सी.

पॉलियुरेथेनमधला एक भाग आयसोसायनेट असतो. त्याची वाफ फुप्फुसांना घातक आहे आणि एकदा ॲलर्जी जडली की पुढे थोड्याशा संपर्कानंही दम लागतो. खिडकी उघडी, सेंद्रिय वाफांसाठीचं फिल्टर असलेला मास्क, नायट्राइल हातमोजे, चष्मा. इपॉक्सीही कातडीला लागू देऊ नका. स्वयंपाकघरात हे काम नको, आणि ओतलेली वस्तू खाण्यापिण्यासाठी वापरायची नाही.

आयसोसायनेटचं ओलाव्याशी वैर आहे. हवेतलं पाणी त्यात गेलं की कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि रेझिन फेसाळतं. दमट दिवसात साचा ४०-५० अंशांवर अर्धा तास ठेवून कोरडा करून घ्या, लाकडी काडीऐवजी प्लॅस्टिकची वापरा, डबे काम झाल्याक्षणी बंद करा.

साच्यात टाल्कम पावडर ब्रशनं झटकून लावा आणि जास्तीची फुंकून काढा. पावडरीमुळे रेझिन बारीक रेघांत ओढलं जातं. हा उपाय किरकोळ वाटतो, पण नॉबच्या कडेला त्यानंच जीव आला. दोन्ही भाग जुळवा, बाहेरून दोन सपाट पाट्या लावा आणि त्यांच्यावर रबरबँड. थेट साच्यावर बांधले तर तो दबतो आणि गोल नॉब अंडाकृती होतो. पाट्यांशिवाय बांधलेल्या साच्यातले दोन नॉब मी आठवण म्हणून ठेवलेत.

एका नॉबला ११ ग्रॅम, तोंडाचं आणि कपाचं धरून १५ ग्रॅम रेझिन. एवढ्या थोड्या मापात अर्ध्या ग्रॅमची चूकही भारी पडते, म्हणून काटा ०.१ ग्रॅमचा हवा. रंग घालायचा तर आधी एका भागात, वजनाच्या एक-दोन टक्क्यांपर्यंत. तीस सेकंद ढवळा आणि ओता.

साचा अगदी सपाट ठेवू नका. नॉबचा तळ आता छत झालाय, आणि सपाट छताखाली हवा पसरून बसते. हवेच्या वाटांची बाजू वर यावी म्हणून साच्याखाली पेन्सिल सरकवा. रेझिन खालच्या बाजूच्या तोंडातून जाईल, हवा वरच्या बाजूनं. दोन्ही वाटांतून रेझिनचा थेंब वर आला की थांबा, साचा बोटांनी दोन-तीनदा हलके दाबून सोडा. पातळी खाली गेली तर तोंडात अजून घाला. तेवढं नरसाळं भरलेलं ठेवा, आकसताना वस्तू त्यातूनच घेते.

कपात उरलेलं रेझिन फेकू नका, त्याच्यावर लक्ष ठेवा. ते कडक झालं, नखानं खरडून पांढरा ओरखडा उठला, तरी साच्यातलं आणखी पाच-दहा मिनिटं राहू द्या. पातळ भाग उशिरा जमतात, कारण त्यांना स्वतःची उष्णता कमी मिळते.

पारदर्शक वस्तूत एकही बुडबुडा नको असेल तर प्रेशर पॉट, म्हणजे आत हवेचा दाब देता येणारं बंद भांडं, लागतो. साचा भरून त्यात ठेवायचा आणि ४० ते ६० पीएसआय (दाबाचं एकक, पौंड प्रति चौरस इंच) दाब द्यायचा, जमेपर्यंत. दाबानं बुडबुडे निघत नाहीत, दिसेनासे होण्याइतके बारीक होतात. अट एक: साचाही त्याच दाबाखाली जमलेला हवा. नाहीतर सिलिकॉनमधले लपलेले बुडबुडे दाबानं पिचकतात आणि नकलेवर पुटकुळ्या उठतात. साचा तसा बनवताना मास्टर भरीव असावा हे पुन्हा सांगतो, पोकळ प्रिंट दाबानं चेपते. पॉट त्या दाबासाठी बनवलेला, सेफ्टी व्हॉल्व्ह असलेलाच घ्या. घरातला प्रेशर कुकर साधारण १५ पीएसआयसाठी असतो; त्याच्यावर हा प्रयोग करू नका.

बिघडलं तर

नकलेच्या एकाच जागी प्रत्येक वेळी खळगा येत असेल तर तिथं हवा कोंडतेय. त्या जागेपासून वरपर्यंत ब्लेडनं बारीक चीर द्या, साचा भरताना ती उघडते आणि मग मिटते. खळगे दर वेळी वेगळ्या जागी असतील तर ढवळण्यात किंवा ओलाव्यात घोळ आहे. नकलेवर गोल दाणे आले तर तो साच्यातला बुडबुडा आहे. दाणा कापता येतो, साचा दुरुस्त होत नाही.

जोडरेषेवर कागदासारखा पापुद्रा आला तर रबरबँड सैल आहेत किंवा लॉकमध्ये कचरा आहे. पापुद्रा ब्लेडनं खरवडून ४०० नंबरचा पेपर फिरवा. घासताना धूळ नाकात जाऊ देऊ नका.

रेझिन सिलिकॉनला हळूहळू खातं. तीस-चाळीस नकलांनंतर साचा कोरडा, निस्तेज दिसू लागतो, मग बारीक रेघांचे तुकडे नकलेबरोबर उचकटून येतात. दर पाच-सहा नकलांनंतर रिलीजचा हलका हात आणि दोन ओतण्यांमध्ये साच्याला थंड व्हायला वेळ दिला तर आयुष्य वाढतं. मास्टर जपून ठेवा, डब्यात, उन्हापासून लांब. माझा नॉब ॲम्प्लिफायरला बसलेला नाही. तिथं बाराही नकला आहेत, आणि मास्टर पुढच्या साच्यासाठी ड्रॉवरमध्ये, तळाला टेपचा डाग घेऊन पडलाय.